अंधारखोलीतला दोन डोक्यांचा प्राणी

त्या प्राण्याला चार पाय होते आणि दोन डोकी.

एक डोकं पुढच्या पायांच्या मध्ये खाली लोंबत होतं. दुसरं वर ताठ उभं, थेट माझ्याकडे बघणारं. म्हणजे बघणारं म्हणायचं एवढंच, कारण डोळे नव्हतेच. त्या जागी नुसतं धूसर काहीतरी होतं. पाठीवर हे एवढं कुबड. सगळं अंग पिठाच्या कणांनी बनवल्यासारखं फिकट, आणि ते कण उजेडाचे होते.

मी घाबरले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी इतकी घाबरले की हातातला चहाचा कप कलंडला आणि ते मला मोजा ओला झाल्यावर कळलं.

"किटली," मी हळूच विचारलं, "आत कोण आहे?"

"आत कोणीही नाही," किटली म्हणाली. "दाराबाहेर चपला नाहीत."

आता हे सगळं नीट सांगते. मी शर्वरी घोरपडे, राहणार कोल्हापूर, सहावी पास. मे महिन्याच्या सुट्टीत आबांबरोबर लडाखला आले होते. आबा म्हणजे माझे आजोबा, डॉ. हिंदुराव घोरपडे. उंचावर गेल्यावर माणसाच्या शरीरात काय होतं, याचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला. पंधरा हजार फुटांवरच्या त्या संशोधन केंद्रात त्या वेळी आम्ही तिघंच होतो. आबा, मी आणि केंद्रप्रमुख डॉ. स्टॅन्झिन. त्या तिथल्याच, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. आमच्याशी हिंदीत बोलायच्या. शिवाय किटली. हा आमचा रोबो. पोट गोल, पुढे चोच, म्हणून आबांनी हे नाव ठेवलं.

त्या जागी रात्रंदिवस वारा वाहतो, पण झाड नाही, पान नाही, त्यामुळे वाऱ्याला आवाजच नाही. कानात फक्त आपलं काळीज ठोकत राहतं. पहिले चार दिवस मला वाटायचं, भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय.

केंद्राच्या मधोमध अंधारखोली होती. भिंतींना काळं जाड कापड, दारावर एकामागून एक तीन काळे पडदे. आत आबांनी बनवलेला मंदप्रकाश कॅमेरा. आपण सगळेच अगदी थोडे चमकतो, तुम्हाला ठाऊक आहे? तुम्ही, मी, दारातली मांजर, कुंडीतली तुळस. पण तो उजेड डोळ्यांना दिसू शकणाऱ्या उजेडापेक्षा हजारपट मंद असतो. आबांचा कॅमेरा वीस मिनिटं डोळा उघडा ठेवून तो उजेड गोळा करतो आणि एकच चित्र बनवतो. किटलीच्या पोटावर दिवे असल्यामुळे तिला आत मनाई होती. आत कोणी आहे की नाही, हे ती दाराबाहेरच्या चपला बघून ठरवायची.

रोज दुपारी तीन वाजता रिकाम्या खोलीचं कोरं चित्र काढायचं काम माझ्याकडे होतं. कोऱ्या चित्राशी ताडून बघितल्याशिवाय खरा उजेड किती ते कळत नाही. शेजारच्या छोट्या खोलीत बसून बटण दाबायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. पण उंचावर मला पहाटेच जाग यायची. पाचव्या दिवशी कंटाळून मी कोरं चित्र सकाळी साडेपाचलाच काढलं. कुणाला विचारलं नाही. आणि संगणकाच्या पडद्यावर कोऱ्या चित्राऐवजी तो प्राणी उमटला.

नाश्त्याला मी गप्प होते. चित्राबद्दल सांगितलं तर वेळ बदलल्याबद्दल बोलणी बसतील, ही एक भीती. आणि सांगितलं तर तो खरा ठरेल, ही दुसरी. किटली एकेकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजत होती. निरोगी माणसाचा हा आकडा कोल्हापुरात पंच्याण्णवच्या वर असतो. तिथे माझा शहाऐंशी आला, डॉ. स्टॅन्झिनचा नव्वद. आबांनी डावा हात पुढे केला. त्यांची करंगळी अर्धीच आहे, लहानपणी उसाच्या चरकात गेली. त्यांचा आकडा आला ब्याऐंशी.

"आबा, आपण चमकतो ते कशामुळे?" मी विचारलं.

आबांना असला प्रश्न म्हणजे मेजवानी. "तालमीत हौदाची माती बदलतात तवा तू रांगेत हुतीस का न्हाई? घमेली द्यायला?"

होते की. आबांची तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि आता तिथे आम्ही मुलीही जातो. नवी लाल माती येते तेव्हा ट्रॉलीपासून कुस्तीच्या हौदापर्यंत रांग लावायची आणि घमेलं हातोहात पुढे द्यायचं. शेवटचा गडी ते हौदात रिकामं करतो.

"तुझ्या प्रत्येक पेशीत तसल्या रांगा हायत," आबा म्हणाले. "तंतुकणिकेत (म्हणजे पेशीतल्या इवल्याशा वीजघरात). घमेल्यात माती न्हाई, इलेक्ट्रॉन. अन्नातनं आलेला. ह्याच्याकडनं त्याच्याकडं जाताना तो ताकद देतो. आणि रांगेच्या टोकाला शेवटचा गडी कोण? प्राणवायू. तो इलेक्ट्रॉन घेतो, त्याचं पाणी होतं, काम फत्ते. आता सांग, शेवटचा गडी कमी पडला तर?"

"घमेली तुंबतील. मधल्यांच्या हातातून सांडतील."

"शाब्बास. सांडलेला इलेक्ट्रॉन वाटेतल्या एखाद्या प्राणवायूच्या कणाला भलत्याच जागी चिकटतो. त्याचा होतो मुक्त मूलक (म्हणजे जोडी अपुरी राहिल्यामुळे दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढणारा कण). तो पेशीची भिंत ओरबाडतो, प्रथिनं बिघडवतो. चिरलेलं सफरचंद तांबूस पडतं का न्हाई, तशातला प्रकार. ह्या ओढाओढीत कधीमधी उजेडाचा एखादा कण सुटतो. ती आपली चमक."

"म्हणजे इथे हवेत प्राणवायू कमी, तरी प्राणवायूनंच होणारी नासधूस जास्त?"

"तेच तर कोडं! कमी हाय म्हणूनच जास्त. वर कुणी व्यायाम करायला लागला तर काय हुईल? तिकडनं घमेली दुप्पट वेगानं यायला लागतात, हिकडं गडी कमी. त्याला म्हणतात ऑक्सिडीकरणाचा ताण (म्हणजे नासधूस जास्त आणि आवरणारे कमी). म्हणून तर नवीन माणसानं इथं पहिले दहा दिवस अंगमेहनत करायची न्हाई. नियम हाय."

हे सांगताना आबांनी खिशातून दोन गोळ्या काढल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. डॉ. स्टॅन्झिन बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी पुन्हा बटण दाबलं. का, विचारू नका. जी गोष्ट बघायची नसते तिच्याकडेच पाय जातात.

तो आला. चित्र वरून खाली ओळीओळीनं उतरायचं, त्यामुळे आधी उचललेलं डोकं दिसलं, मग कुबड, मग लोंबणारं डोकं, आणि अगदी शेवटी जमिनीवर टेकलेले ते चार पाय. आज तो कालच्यापेक्षा उजळ होता. आणि जवळ होता.

किटलीला मी पुन्हा विचारलं. चपला नाहीत, म्हणजे कोणी नाही. मी भिंतीला कान लावला. पलीकडून श्वास ऐकू आला. लांब, घरघरता, मध्येच अडकणारा श्वास. मी पळत जाऊन अंथरुणात शिरले आणि डोक्यावरून रजई घेतली.

तिसऱ्या दिवशी तो आणखी उजळला. त्या दिवशी आबांचा आकडा अठ्ठ्याहत्तर आला. पंच्याहत्तरच्या खाली गेला की किटलीनं डॉ. स्टॅन्झिनना उठवायचं आणि माणसाला खाली पाठवायचं, असा केंद्राचा नियम होता. आबांनी पोळी अर्धी टाकली. उठताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तोही मस्करी केल्यासारखा. हात बर्फासारखा होता. मला कळेना, खोलीतला तो प्राणी रोज वाढतोय आणि माझे आबा रोज कमी होतायत, हे काय आहे? तो आबांना पीत तर नाही? वेड्यासारखा विचार होता, पण तिथल्या शांततेत तोच खरा वाटत होता.

चौथ्या दिवशी मी ठरवलं की घाबरायचं, पण नीट बघायचं. आबा नेहमी म्हणतात, भीती वाटली की मोजायला लाग.

मी मोजलं. डोकी दोन. धडं दोन, एक कुबडासारखं वर गेलेलं आणि एक नागासारखं पुढून उचललेलं. पण पाय चारच. धडं दोन आणि पाय चारच कसे? आणि सगळ्यात ठळक होते ते पाय. म्हणजे ते वीस मिनिटं जागचे हललेच नव्हते, आणि बाकीचं अंग मात्र दोन ठिकाणी होतं. कधी इथे, कधी तिथे.

मग मला दिसलं की पुढचे दोन पाय हे पायच नव्हते. तळवे होते. हातांचे पंजे, जमिनीवर टेकलेले. मी खुर्चीवरून खाली उतरले आणि तसेच तळवे टेकले. कंबर वर, मान खाली. मग छाती जमिनीजवळून पुढे नेत मान वर. हे तर मी रोज तालमीत करते! हा जोर होता. वीस मिनिटं कुणीतरी जोर मारत होतं, आणि कॅमेऱ्यानं त्याच्या दोन्ही अवस्था एकाच चित्रात एकावर एक गोळा केल्या होत्या. कमरेशी उजेड नसलेला एक काळा पट्टा होता, तो म्हणजे लंगोट. कापडातून उजेड बाहेर येत नाही.

मी पडद्याला नाक लावून बोटं मोजली. उजव्या हाताला पाच. डाव्या हाताला साडेचार.

मी धावत अंधारखोलीच्या दाराशी गेले. तिसरा पडदा हलला आणि आबा बाहेर आले. अंगावर घोंगडी, आणि दोन्ही चपला काखेत. ओठ जांभळे. मला बघून ते दचकले आणि भिंतीला टेकले.

"आबा, तुम्ही?"

"आगं, आत ऊब असते," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "आणि ही किटली... आत येत न्हाई."

"रोज?"

"वस्तादांना... शब्द दिलाय. चौदा वर्सांचा हुतो. रोज शंभर जोर. खाडा न्हाई." एकेका शब्दानंतर ते थांबत होते. "ताप आला, लगीन झालं, तुझी आजी गेली. त्या दिवशीबी... खाडा न्हाई. त्रेपन्न वर्सं."

"पण नियम तुम्हीच सांगितलात! शेवटचा गडी नाही म्हणालात!"

"गोळ्या घेतोय की. प्रतिऑक्सिडीकारक (म्हणजे मुक्त मूलकांना शांत करणारं द्रव्य). दुप्पट घेतोय." त्यांनी खोकला दाबला. खोकला ओला होता, आत पाणी असल्यासारखा. "शरी, दोन दिवसांत नियम संपतोय. तवर... तालमीतली गोष्ट तालमीत. व्हय का न्हाई?"

आमच्या तालमीत हा शब्द मोडत नाहीत. कुणाचा हात मुरगळला, कोण रडलं, कोण हरलं, आतलं आत. मी ते कधीच मोडलं नव्हतं. आबांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलंही नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पहिल्यांदाच तिथे भीती होती, आणि ती मरणाची नव्हती, खाडा पडण्याची होती.

"नाही आबा," मी म्हणाले आणि ओरडले, "किटली! डॉक्टरांना उठव!"

आकडा एकाहत्तर होता. डॉ. स्टॅन्झिननी छातीला यंत्र लावलं आणि हिंदीत एवढंच सांगितलं की फुप्फुसात पाणी जमायला लागलंय, आणखी एक पहाट गेली असती तर अवघड होतं. नाकाला प्राणवायूची नळी लावून त्यांनी आम्हाला लगेच गाडीत घातलं आणि साडेतीन हजार फूट खाली, लेहच्या दवाखान्यात आणलं. वाटेत आबांनी डोळे मिटले होते. पण झोपले नव्हते. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो घोंगडीत घेतला.

सगळा रस्ता मी खिडकीला कपाळ लावून रडले. मी बरोबर केलं हे मला माहीत होतं. त्यानं रडू थांबत नाही.

दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा आकडा नव्वद आला, खोकला सुकला. मी त्यांच्या पांघरुणावर चार सकाळींची चारही चित्रं मांडली. रुसलेला माणूस रुसून राहू शकतो, पण समोर निरीक्षण आलं की आबांमधला शास्त्रज्ञ गप्प बसूच शकत नाही. त्यांनी चष्मा लावला.

"हे काढलंस कधी?"

"साडेपाचला. तुम्हाला न विचारता."

त्यांनी चित्रं पुढे-मागे केली, उजेडाचे आकडे वाचले. "पहिल्या दिवशी शंभर मारले," ते हळू म्हणाले. "चौथ्या दिवशी साठातच दम सुटला. नुसता तळवे टेकून पडलो हुतो. आणि उजेड बघ, अडीचपट. मेहनत कमी, जाळ जास्त. आणि ह्या गोळ्या?" ते स्वतःशीच हसले. "पाण्यात घातल्या मी."

मग त्यांनी मला त्यातली गंमत सांगितली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. मुक्त मूलक नुसते शत्रू नसतात. थोडे असले तर ते शरीराला निरोप देतात की इथे सांडतंय, माणसं वाढवा. मग शरीर स्वतःचेच आवरणारे तयार करतं, म्हणजे खास विकरं (काम झटपट उरकून देणारी प्रथिनं). शिवाय हवा विरळ आहे हे ओळखून रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशीही वाढवतं. ह्या सगळ्याला अनुकूलन (म्हणजे नव्या जागेशी जुळवून घेणं) म्हणतात. त्याला दिवस लागतात. निरोप हळू आवाजात आला तर शरीर शिकतं. चारी बाजूंनी आरडाओरडा झाला तर गोंधळतं. आणि भरमसाट गोळ्या घेतल्या तर कदाचित निरोपच ऐकू येत नाही. ह्या गोळ्यांचा उंचावर किती फायदा होतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"मला हे सगळं ठाऊक हुतं," आबा म्हणाले. "दुसऱ्याच्या शरीराबद्दल."

"आबा, खाडा पडला," मी म्हणाले. "माझ्यामुळे."

त्यांनी साडेचार बोटांचा तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. आता तो गरम होता. "पडला की. तीन दिवस झाले. वस्ताद असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती आणि माझ्या कानाखाली वाजवली असती."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग आबांना रडू आलं. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

पुढचे बारा दिवस आम्ही लेहमध्येच राहिलो. मग टप्प्याटप्प्यानं, मध्ये दोन मुक्काम करत, पुन्हा वर गेलो. डॉ. स्टॅन्झिननी रोज आकडा बघितला, छाती तपासली, आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आबांना परवानगी दिली. जोर पाच. एकही जास्त नाही. आणि एकट्यानं नाही.

आम्ही चपला दाराबाहेर काढल्या. किटलीनं त्या दोनदा मोजल्या. बटण दाबायला डॉ. स्टॅन्झिन शेजारच्या खोलीत बसल्या. तिन्ही पडदे ओलांडून आत गेलो तेव्हा स्वतःचा हातही दिसेना, पण मला भीती वाटली नाही. आबांचा श्वास शेजारीच होता, लांब आणि कोरडा. सावकाश एकेक अवस्था धरून आम्ही पाच जोर मारले आणि उरलेली मिनिटं तसेच तळवे टेकून थांबलो. आबा कुजबुजले की पुढेमागे माणसं ह्याहून विरळ हवेच्या जागी राहायला जातील, कदाचित दुसऱ्या ग्रहावरही, आणि तिथे मुलं खेळतील. कुणी किती आणि कधीपासून खेळायचं, ते शोधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी हो म्हटलं.

बाहेर येऊन पडद्यासमोर बसलो. चित्र ओळीओळीनं उतरलं. दोन प्राणी होते, एक मोठा आणि एक छोटा, दोघांना मिळून चार डोकी. साडेनऊ बोटं आणि दहा बोटं. पहिल्या दिवसाच्या चित्रापेक्षा उजेड कितीतरी मंद होता, जेमतेम दिसत होता.

जोर मारताना मान सरळ ठेवायची असते, हे आबांनीच मला शिकवलंय. पण वीस मिनिटांत जे जास्त वेळ स्थिर असतं तेच कॅमेरा ठळक टिपतो, आणि त्या चित्रात मोठ्या प्राण्याचं वरचं डोकं समोर बघत नव्हतं. त्या मिट्ट अंधारात, जिथे काहीच दिसत नव्हतं, ते सगळा वेळ माझ्याकडे वळलेलं होतं.